मिरचीने हात का पोळतात? डेव्हिड ज्युलियस यांच्या संशोधनाची गोष्ट

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून आमच्या ठाण्याच्या घरी मिरची येते. रंगासाठी बेडगी, तिखटासाठी संकेश्वरी आणि थोडी काश्मिरी. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दाखवले की जुन्या साडीवर ढीग घालून देठ काढायचे आणि मग सगळे भाजून कांडपावर न्यायचे, असा आमचा क्रम आहे. मी पहिल्यांदा देठ काढायला बसले, त्या वर्षी पाच किलो मिरची होती. तासाभराने बोटांच्या टोकांना चुणचुण लागली, दुपारपर्यंत दोन्ही तळवे पोळल्यासारखे झाले आणि संध्याकाळी आंघोळीसाठी बादलीत हात घातला तेव्हा मी ओरडलेच. पाणी उकळते आहे, गीझर बिघडला आहे, अशी माझी खात्री झाली. आत्याने येऊन त्याच बादलीत हात बुडवला आणि म्हणाली, “कोमट तर आहे गं हे!”

बादली एक, पाणी एक आणि हातांना जाणवलेली तापमाने मात्र दोन. मिरचीने माझ्या कातडीचे तापमान वाढवले नव्हते, कारण थर्मामीटर लावला असता तर दोघींच्या हातांचा आकडा जवळजवळ सारखाच आला असता. म्हणजे फरक कातडीत नव्हता, तर कातडीतली उष्णता मोजून मेंदूला कळवणाऱ्या यंत्रणेत होता. ही यंत्रणा नेमकी कोणती, याचे उत्तर विज्ञानाला १९९७ साली मिळाले आणि ते मिळाले मिरचीमुळेच. ज्या प्रयोगशाळेत ते मिळाले तिचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्यांची सारी कारकीर्द रिसेप्टर या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून आधी रिसेप्टर म्हणजे काय ते पाहू.

मराठी पाठ्यपुस्तकांत रिसेप्टरला ग्राही असा शब्द आहे. तो समजावताना बहुतेक जण कुलूप आणि किल्लीचा दाखला देतात. मला तो अपुरा वाटतो, कारण किल्ली फिरल्यावर पुढे काय होते ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा आपल्या खाडीकडे पाहावे. मुलुंड-ऐरोली पुलावरून जाताना मिठागरे दिसतात. मिठागरांना आणि खारजमिनींना मातीचे बांध असतात आणि त्या बांधांत पाणी आत-बाहेर सोडण्यासाठी झडपेचे दार असते. आगरी-कोळी मंडळी त्याला उघाडी म्हणतात. चेतापेशी हे असेच बांध घातलेले शेत आहे. बांधाच्या बाहेर सोडियम आणि कॅल्शियम भरपूर असते, आत ते फार कमी असते. कॅल्शियमच्या बाबतीत हा फरक सुमारे दहा हजार पटींचा आहे. उघाडी क्षणभर जरी उघडली, तरी बाहेरचे क्षार लोंढ्याने आत येतात, त्यातून विजेची लहर उठते आणि ती मज्जातंतूवरून मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे धावते. पेशीच्या आवरणात रोवलेली जी प्रथिने विशिष्ट रसायन लागले किंवा विशिष्ट स्थिती आली की उघडतात, ती या जातीचे रिसेप्टर होत. दुसऱ्या जातीचे रिसेप्टर स्वतः दार उघडत नाहीत, तर आतल्या कामगाराला हाक मारतात आणि मग पेशीच्या आत रसायनांची साखळी सुरू होते. ज्युलियस यांनी दोन्ही जातींवर काम केले.

त्यांचा जन्म १९५५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. एमआयटी या संस्थेतून पदवी घेतल्यावर ते पीएचडीसाठी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा विषय मज्जासंस्था हा नव्हताच, तर यीस्ट हा होता. म्हणजे पाव फुगवणारी एकपेशी बुरशी. यीस्टच्या पेशी मीलनाच्या वेळी एकमेकींना रसायनाचा निरोप पाठवतात आणि तो निरोप आधी एका लांब प्रथिनाचा तुकडा असतो. त्या प्रथिनाला योग्य जागी कापणाऱ्या कात्रीचे, म्हणजे विकराचे, जनुक ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली शोधले. माणसाच्या शरीरात याच घराण्यातली फ्युरिन नावाची कात्री आहे आणि कोविडच्या काळात विषाणूच्या काट्यांबद्दल बोलताना तिचे नाव बऱ्याच जणांच्या कानांवर पडले असेल. यीस्टमधून ज्युलियस यांनी जे उचलले ते एवढेच की, पेशी रसायनांच्या भाषेत बोलतात आणि ते बोलणे ऐकणारा कान रेणूच्या पातळीवर शोधता येतो.

तो कान शोधायला ते कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड ॲक्सेल यांच्याकडे गेले. हेच ॲक्सेल पुढे २००४ साली वासाच्या रिसेप्टरसाठी नोबेलचे मानकरी ठरले. सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन तेव्हाही सर्वांना ठाऊक होते, पण ते ज्यांना जाऊन लागते त्या रिसेप्टरांची जनुके हाती आली नव्हती. ज्युलियस यांनी मेंदूच्या एका भागातले जनुकीय संदेश घेऊन ते बेडकाच्या अंड्यात टोचले. अंडे मोठे असते, त्यात सुई घालणे सोपे जाते आणि कोणताही संदेश दिला तरी ते इमानाने त्याचे प्रथिन बनवते. अंड्यावर सेरोटोनिन सोडले आणि वीज हलली, तर टोचलेल्या संदेशांत रिसेप्टरचा संदेश होता असे समजायचे. या मार्गाने १९८८ साली सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचे जनुक त्यांच्या हाती लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा थाटल्यावर १९९१ साली त्यांच्या गटाने आणखी एका सेरोटोनिन रिसेप्टरचे जनुक मिळवले आणि हा रिसेप्टर उघाडीच्या जातीचा निघाला. उलटी थांबवण्यासाठी डॉक्टर ओंडान्सेट्रॉनची गोळी देतात, ती याच रिसेप्टरला अडवते. गोळी आधीच बाजारात होती, तिच्या लक्ष्याचे जनुक नंतर सापडले. औषधांच्या इतिहासात हा उलटा क्रम वारंवार दिसतो.

हा उलटा क्रमच ज्युलियस यांनी आपली पद्धत म्हणून स्वीकारला, असे मला त्यांचे काम वाचताना वाटते. निसर्गाने, विशेषतः वनस्पतींनी, प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर नेमके काम करणारी रसायने लाखो वर्षे घडवली आहेत. अफूतले मॉर्फिन आणि तंबाखूतले निकोटिन ही त्यांपैकी दोन, आणि दोन्हींनी शास्त्रज्ञांना मेंदूतल्या रिसेप्टरांपर्यंत नेले. वेदनेच्या मज्जातंतूंसाठी असे रसायन कोणते, या प्रश्नाचे उत्तर समोरच होते. मिरचीतला तिखट घटक म्हणजे कॅप्सेसिन. १९४० च्या दशकापासून हंगेरीतल्या मिक्लोश यान्चो यांच्या प्रयोगांतून दिसले होते की, कॅप्सेसिन वेदनावाहक तंतूंना चेतवते आणि वारंवार दिल्यावर त्यांना बधिर करून टाकते. पण ते नेमके कशाला जाऊन लागते हे कळत नव्हते. त्याचा खास रिसेप्टर असेलच असेही सर्वांना पटत नव्हते, कारण कॅप्सेसिन तेलात विरघळते, पेशीचे आवरणही स्निग्ध असते आणि हे रसायन त्या आवरणात घुसून नुसताच गोंधळ घालत असेल अशीही शंका होती. ज्युलियस सांगतात की, एकदा सुपरमार्केटात तिखट सॉसच्या बाटल्यांच्या फळीसमोर उभे असताना त्यांनी पत्नीला म्हटले, हे कोडे आपण सोडवायलाच हवे. पत्नी हॉली इंग्रॅहम स्वतः त्याच विद्यापीठात शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी मग कामाला लाग, असे सुनावले.

काम प्रयोगशाळेतल्या मायकेल कॅटेरिना यांनी हाती घेतले. मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना संवेदी चेतापेशींच्या गाठी असतात आणि हातापायांच्या कातडीत पसरलेले वेदनेचे तंतू या गाठींतून निघतात. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या या गाठींमधून, तिथे चालू असणाऱ्या सर्व जनुकांच्या प्रती गोळा करण्यात आल्या. त्या लक्षावधी तुकड्यांत कॅप्सेसिनच्या रिसेप्टरचा तुकडा कुठेतरी असणार, हे गृहीत होते. मग कॅप्सेसिनचा काहीही परिणाम न होणाऱ्या पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशी, घेतल्या आणि एकेका बशीतल्या पेशींत हजारो जनुकांचा एकेक गठ्ठा घातला. पेशींत आधीच एक रंगद्रव्य भरलेले होते, ज्याची चमक कॅल्शियम आत शिरताच बदलते. आता बशीवर कॅप्सेसिनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचे. उघाडी उघडली तर कॅल्शियम आत येणार आणि पेशी उजळणार. बशीमागून बशी अंधारीच राहिली. अखेर एका बशीतल्या मोजक्या पेशी चमकल्या.

त्यानंतरचे काम इमारतीतला शॉर्टसर्किट शोधणाऱ्या वायरमनसारखे होते. वायरमन आधी एका विंगचे फ्यूज काढतो, मग एका मजल्याचे, मग एका घराचे, आणि शेवटी एका स्विचबोर्डापाशी येऊन थांबतो. कॅटेरिना यांनी तो गठ्ठा लहान गठ्ठ्यांत वाटला, चमकणारा गठ्ठा पुन्हा वाटला आणि हे करत करत एकच जनुक हाती उरले. कॅप्सेसिनचा रिसेप्टर खरोखरच होता, तो एक प्रथिन होता आणि त्याचे जनुक आता चिमटीत आले होते. आज त्याला टीआरपीव्ही१ म्हणतात.

एवढ्यावर थांबले असते तर शोध मिरचीपुरता राहिला असता. पण आपल्या शरीरात मिरचीसाठी रिसेप्टर असण्याचे कारणच काय? उंदराच्या किंवा माणसाच्या पूर्वजांनी मिरची पाहिलीही नव्हती. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली आणि तोवर आपले तिखट मिरी आणि पिंपळीवर चालत होते. (नव्या पाहुणीला आपण मिरीचेच नाव दिले, हे मला फार समर्पक वाटते, कारण मिरीतले पायपरिन हे रसायनही याच रिसेप्टरला उघडते.) तेव्हा या उघाडीचे मूळचे काम दुसरेच असले पाहिजे. ते शोधण्यासाठी पेशींवर कॅप्सेसिनऐवजी गरम द्रावण सोडले गेले आणि साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे रिसेप्टर आपोआप उघडला. ज्या तापमानापाशी आपल्याला उष्णता सुखद वाटायची थांबते आणि चटका जाणवू लागतो, त्याच्या आसपासचाच हा आकडा आहे. तापमान मोजणारे हे प्रथिन आपण आयुष्यभर कातडीत बाळगतो आणि कॅप्सेसिन त्याला फसवून, काहीही तापलेले नसताना, चटक्याचा संदेश पाठवायला लावते. ऑक्टोबर १९९७ मध्ये हा शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

इंग्रजीत तिखट आणि गरम या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे त्या भाषेतले लेखक हा शोध सांगताना त्या शब्दावर भर देतात. मराठीत तिखट वेगळे आणि गरम वेगळे. पण ठेचा खाल्ल्यावर आपण काय म्हणतो ते आठवा: जिभेची आग झाली, तोंड पोळले. मिरची झोंबते हे खरे, पण झोंबल्यावर होते ती आगच. तिखट ही चव आहे असे मानण्याची आपली जुनी रीत आहे आणि षड्रसांतही तिची गणना होते; तरीही जिभेवरच्या स्वादकलिकांना तिखट कळत नाही, तो निरोप वेदनेच्या तंतूंवरून जातो. देठ काढताना हे मला फुकटात सिद्ध करून मिळाले होते, कारण तळहातावर एकही स्वादकलिका नसते.

आता बादलीकडे परत जाऊ. कॅप्सेसिन आणि उष्णता यांचा परिणाम एकमेकांत मिळवला जातो. रिसेप्टरवर आधीच कॅप्सेसिन चिकटलेले असेल, तर त्याला उघडायला ४३ अंश लागत नाहीत. बराच कमी तापमानाचा धक्का पुरतो. माझ्या तळहातांतली उघाडी अर्धवट ढिली झालेली होती आणि कोमट पाण्याने ती सताड उघडली. उन्हाने रापलेल्या पाठीवर साधे पाणीही का पोळते आणि सुजलेल्या बोटाला गरम कप का सोसत नाही, याचेही कारण बव्हंशी हेच आहे. दुखापत झालेल्या जागी आम्लता वाढते, दाहाची रसायने सुटतात आणि ती सगळी या रिसेप्टरचा उंबरठा खाली आणतात. २००० साली ज्युलियस यांच्या गटाने हा रिसेप्टरच नसलेले उंदीर तयार केले. ते कॅप्सेसिन मिसळलेले पाणी कुरकुर न करता पीत होते, तीव्र उष्णतेला उशिरा प्रतिसाद देत होते आणि दाह झालेल्या पंजाला उष्णतेने होणारा जादा त्रास त्यांच्यात दिसला नाही. मात्र उष्णता त्यांना अजिबात कळत नव्हती असे नाही. त्या कामावर शरीराने एकाहून अधिक पहारेकरी ठेवले आहेत, हे पुढच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

पोपट मिरची मिटक्या मारत कसा खातो, हा लहानपणीचा प्रश्नही याच प्रयोगशाळेने २००२ साली सोडवला. पक्ष्यांतही हा रिसेप्टर असतो आणि त्यांना उष्णता कळते. परंतु कोंबडीच्या रिसेप्टरची उंदराच्या रिसेप्टरशी तुलना केली, तेव्हा कॅप्सेसिन जिथे पकड घेते ती जागा पक्ष्यांत वेगळी असल्याचे दिसले. मिरचीच्या झाडाच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची आहे. सस्तन प्राणी बिया चावून नष्ट करतात, पक्षी त्या सबंध गिळून दूरवर टाकतात, आणि तिखटपणा पहिल्यांना हाकलतो तर दुसऱ्यांना कळतही नाही.

पद्धत सापडल्यावर स्वयंपाकघरातले इतर डबेही उघडले गेले. पेपरमिंटची गोळी चघळून पाणी प्यायले की ते बर्फासारखे लागते, कारण मेंथॉल थंडीच्या रिसेप्टरला उघडते. तो टीआरपीएम८ हा रिसेप्टर २००२ साली ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियन या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधला. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकातून थेट डोक्यात जाणारा झटका तिसऱ्या एका रिसेप्टरचा आहे, टीआरपीए१ चा. २००४ साली ज्युलियस यांच्या गटाने मोहरीच्या तेलाचे लक्ष्य म्हणून तो दाखवून दिला. कच्च्या लसणीचा चटकाही तोच नोंदवतो. या रिसेप्टरचा सर्वांत विलक्षण वापर मात्र साप करतात. येऊरच्या जंगलात बांबूवर गुंडाळून बसलेला हिरवा चापडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधला खळगा आठवेल. अशा खळग्यांनी हे साप काळोखात उंदराच्या अंगाची ऊब ‘पाहतात’. २०१० साली ज्युलियस यांच्या गटाने या कुळातल्या अमेरिकी रॅटलस्नेकच्या खळग्यातल्या चेतापेशी तपासल्या, तेव्हा ऊब टिपणारे प्रथिन टीआरपीए१ च निघाले. आपण ज्याच्या जोरावर मोहरीने शिंकतो, त्याच्याच जोरावर साप शिकार हेरतो.

या साऱ्यात औषधांचा धागा तुटलेला नव्हता. रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, गुठळी करायला सांगणाऱ्या रिसेप्टरचे जनुक २००१ साली उजेडात आले, त्या शोधनिबंधाच्या लेखकांत ज्युलियसही होते. अँजिओप्लास्टीनंतर घराघरांत रोज घेतली जाणारी क्लोपिडोग्रेलची गोळी त्याच रिसेप्टरला बंद पाडते. २०१३ साली यीफान चेंग यांच्यासोबत त्यांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टीआरपीव्ही१ ची रचना ३.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने दाखवली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. चार सारखे घटक गोलाकार उभे राहून मध्ये वाट ठेवतात आणि उघडताना ती वाट दोन ठिकाणी रुंदावते, हे त्या चित्रांमुळे कळले. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचे भागीदार पातापुतियन होते. पेशीला टोचल्यावर उघडणारी पिएझो नावाची प्रथिने शोधताना त्यांच्या गटाने ७२ संशयित जनुके एकामागून एक बंद करून पाहिली होती.

मग वेदनेवर रामबाण औषध निघाले का? तिथे वाट अडली. टीआरपीव्ही१ ला बंद करणारी रसायने कंपन्यांनी तयार केली आणि माणसांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा काही जणांच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले. हा रिसेप्टर शरीराचे तापमान राखण्यातही सहभागी असतो, हे असे अनपेक्षितपणे समोर आले. शिवाय ज्याला चटका कळत नाही तो उकळता चहा घोटभर पिऊन तोंड भाजून घेईल, ही भीती होतीच. उलट दिशेचा उपाय अधिक चालला. ८ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला २००९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. नागीण होऊन गेल्यावर महिनोन्महिने मागे राहणारी आग शमवण्यासाठी ती कातडीवर लावतात. रिसेप्टर इतका वेळ उघडा ठेवायचा की वेदनेचे तंतूच थकून मागे सरतात. यान्चो यांनी पाहिलेले बधिरपण ते हेच.

माझ्या हातांवरचा उपाय त्या संध्याकाळी आत्याने केला. “पाण्यात घालू नकोस गं, पसरेल. आधी तेल चोळ,” असे म्हणून तिने खोबरेल तेल तळहातांवर ओतले, चांगले रगडून घेतले, पिठाने पुसले आणि मग साबणाने धुवायला लावले. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते आणि साबण ते तेल घेऊन जातो. हे तिला ठाऊक नव्हते, पण क्रम तिचा बरोबर होता. पुढच्या वर्षीपासून मी देठ काढायला बसण्याआधीच हातांना तेल लावते.